अकरा पानांचा खुलासा

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आमचे अधीक्षक साहेब जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, गारखेड्यात राहतात आणि रोज संध्याकाळी पांढरा हाफ शर्ट घालून फिरायला निघतात. त्यामुळं मला ती अडचण नाही.

गारखेड्याच्याच बाजूला एका संस्थेचं कॉलेज आहे. तिथं मी कारकून आहे, आवक-जावकच्या टेबलावर. आलेल्या पत्राची नोंद आवक रजिस्टरला, जाणाऱ्याची जावकला, नंबर टाकायचा, शिक्का मारायचा. काम दिसायला किरकोळ; पण माझ्या नंबराशिवाय कॉलेजातून कागदाचा कपटा बाहेर जात नाही. माझं गाव सोयगाव तालुक्यात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीची पायरी चढलेलं नाही. आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते, वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. मी बी.ए. झाले आणि त्याचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी चिडले तर का चिडले ते कळेल.

साहेबांचं ऑफिस इंग्रजीत चालायचं. वरून येणारं पत्र मराठीत असायचं आणि आमचं उत्तर इंग्रजीत जायचं. मराठीत पत्र लिहिणं म्हणजे साहेबांना लुंगीवर ऑफिसला आल्यासारखं वाटायचं. आणि पत्र कशाचंही असो, पंख्यांचं, उत्तरपत्रिकांचं, तुंबलेल्या मुताऱ्यांचं, शेवटून दुसऱ्या ओळीत एक शब्द यायचाच यायचा. पेरॅडव्हेंचर. सोबतच्या कागदपत्रांत पेरॅडव्हेंचर काही त्रुटी आढळल्यास कळवावे, असं ते वाक्य.

रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पाण्याच्या फिल्टरपाशी उभी राहून मोबाइलवर तो शब्द बघितला. अर्ध्या मिनिटात सापडला. अर्थ: कदाचित. बस्स, एवढाच. पुढं लिहिलं होतं, जुना, आता वापरात नाही. म्हणजे ज्यांची भाषा, त्यांनी टाकून दिलेला शब्द आमच्या साहेबांनी उचलून आणला होता आणि चौकटीत बसवून पुजायला ठेवला होता.

पुजायला ठेवला होता हे मी उगाच म्हणत नाही. ऑफिसात एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून सुतळी, आणि ठेवलेली कुठं, तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ठेवायच्या लोखंडी कपाटात. किल्ली साहेबांच्या करगोट्याला. कुणाला शब्द बघायचा असेल तर अर्ज करायचा, तोही इंग्रजीत. पूर्वी एका लायब्ररीयननं तसा अर्ज केला होता म्हणे. साहेबांनी त्यातल्या चुका लाल पेननं दुरुस्त केल्या, अर्ज परत पाठवला आणि डिक्शनरी काही दिली नाही. त्यानंतर कुणी अर्ज केला नाही. आमच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये जगातल्या सगळ्या डिक्शनऱ्या, आणि साहेब आपले कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधून हिंडायचे. पाखरं उडून गेलेल्या झाडाची राखण.

पण खरी गोष्ट अशी की आम्हीही कुणी बोललो नाही. अर्थ माहीत असून मी सहा वर्षं तो शब्द टाइप केला. शब्द काढला की साहेब मसुद्यावर सही करायचे नाहीत, आणि त्यांची सही असल्याशिवाय प्राचार्य सही करायचे नाहीत. प्राचार्य सह्या करायचे, वाचायचे नाहीत. संस्थेचे अध्यक्ष वाचायचेही नाहीत आणि सह्याही करायचे नाहीत; ते फक्त पत्र हातात धरून म्हणायचे, "वजन आहे बरं का आपल्या कॉलेजच्या पत्राला." किलोवर घेतल्यासारखं.

माझा आणि साहेबांचा पहिला सामना मी रुजू झाले त्या दिवशीच झाला. कागदपत्रं तपासताना त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र वर केलं, उन्हाकडं धरलं, जशी पाचशेची नोट बघतात.

"ग्रॅज्युएट?"

"व्हय सर."

"'व्हय'?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. ऑफिसात सहा जण होते. "कुठलं गाव?"

मी सांगितलं.

"या प्रमाणपत्रावर अर्धं मराठी आहे, अर्धं इंग्रजी. इंग्रजी अर्धं मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत एका लांबलचक शब्दाला मी अडखळले, मागं आले, परत अडखळले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लावलं, काढलं आणि लावलं, टक टक टक, माझं वाचून होईपर्यंत. मग प्रमाणपत्र परत देत म्हणाले, "मिळवलंय. आता वाचायला शिका."

माझ्या आईनं ते प्रमाणपत्र गावात घरोघर नेऊन दाखवलं होतं. तिला एक अक्षर वाचता येत नाही, पण धरताना हात धुऊन, पुसून धरायची. ते त्या माणसानं असं परत दिलं.

बाहेर आल्यावर शेख मामांनी मला चहा पाजला. मामा आमचे शिपाई, कॉलेजच्या पहिल्या दिवसापासूनचे. म्हणाले, "दिल पे नक्को ले, बेटा. पेरूसाब हैं वो. सबकू ऐसाच करते."

"पेरूसाब?"

"वो पेर-पेर करके क्या तो बी बोलते ना. अपने से पूरा नहीं निकलता. पेरूपर्यंत जमतं."

तेव्हापासून साहेबांच्या माघारी मीही पेरूसाहेबच म्हणत आले.

मामांचीही एक गोष्ट आहे. मामांच्या मुलीचं लग्न होतं, आठ दिवसांची रजा हवी होती. रजेचा अर्ज इंग्रजीतच पाहिजे, हा साहेबांचा कायदा. ज्याला येत नाही त्याला ते स्वतः लिहून देत. हे उपकार समजायचे. मामांनी त्या अर्जावर सही केली, दोन वेळा सलाम केला, साहेबांच्या घरी शिरखुर्म्याचा डबा पोचवला. पुढं फाइल लावताना मी तो अर्ज वाचला. त्यात लिहिलं होतं, माझ्या मुलीचं लग्न पेरॅडव्हेंचर ठरल्या दिवशी पार पडल्यास. मी मामांना अर्थ सांगितला.

"कदाचित?" मामा बघतच राहिले. "कार्डां छापी थी, हॉल बुक था, पाचशे लोगां खाना खाके गए. कदाचित कायकू?"

"मग बोला की त्यांना."

"जाने दो बेटा," मामा म्हणाले. "रजा तो मंजूर हुई."

हे असं होतं. रजा मंजूर होत होती, पंखे मिळत होते, मुताऱ्या आज ना उद्या उपसल्या जात होत्या. साहेबांची पक्की समजूत होती की हे सगळं त्यांच्या इंग्रजीमुळं होतं. टेबलापलीकडचा अधिकारी तो शब्द वाचतो, दबकतो आणि मंजुरी देतो. मी एकदा म्हणलं, "सर, ते लोक शेवटची ओळ वाचतच नसतील." साहेबांनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही वाचत नसाल." त्यांना बाहेरचं जग असंच दिसायचं: आपल्यापेक्षा खालचे आणि आपल्याला घाबरणारे. तिसरी जात नाही.

जेवायलाही ते एकटेच बसत. डब्याखाली वर्तमानपत्र, गळ्यात रुमाल, काकडी चाकूनं गोल गोल कापून, प्रत्येक चकतीवर चिमटीनं मीठ. कुणी भाजी पुढं केली तर "नो, थँक्यू" म्हणून डबा दोन बोटं अलीकडं ओढून घ्यायचे. सदतीस चकत्यांची काकडी आणि एका शब्दाचं साहित्य, एवढ्यावर तो माणूस स्वतःला राजा समजायचा.

मग माझ्या कायम होण्याचा प्रस्ताव निघाला.

सहा वर्षं मी तात्पुरती होते. तात्पुरती म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला ती संपली. आता वरच्या ऑफिसनं पदांना मान्यता द्यायचं ठरवलं होतं, पण महिनाअखेरपर्यंत त्रुटी पुऱ्या झालेल्या प्रस्तावांनाच. त्यानंतर उरलेली पदं गोठणार. म्हणजे जो राहिला तो राहिला. आई दर दोन दिवसांनी फोन करायची.

"झालं का गं परमनंट?"

"व्हईल आई."

"लई दिस लागायलेत. तितं कागद वाचणारं कुणी हाय का नाय?"

माझ्या प्रस्तावाचं पत्र साहेबांनी तयार केलं आणि टाइप मी केलं. माझ्याच हातानं, माझ्याच नोकरीच्या कागदावर. शेवटून दुसरी ओळ: पेरॅडव्हेंचर काही त्रुटी आढळल्यास कळवावे. जावक नंबरही मीच टाकला.

बारा दिवसांनी फाइल परत आली. त्रुटी आढळली होती. एकच. पत्रातील शेवटच्या परिच्छेदातील एका शब्दाचा अर्थबोध होत नाही, तरी लेखी खुलासा सादर करावा.

मी तशीच रिक्षा करून त्या ऑफिसात गेले. टेबलावर एक वयस्क बाई होत्या, चष्म्याला दोरी, समोर अर्धवट सोललेलं संत्रं.

"हा तुमचा प्रस्ताव का?" त्या म्हणाल्या. "बाकी सगळं बरोबर आहे हो. पण हे काय लिहिलंय? मी बी.कॉम. आहे, मला नाही कळलं. आमच्या साहेबांकडं नेलं, त्यांनाही नाही कळलं. ते म्हणाले, नंतर भानगड नको, विचारून घ्या. लावली त्रुटी."

"मॅडम, त्याचा अर्थ फक्त कदाचित असा आहे."

"असं तोंडी नाही चालत. लेखी द्या. आणि एका ओळीत द्या, बाई. लांबलचक आलं की फाइल अभिप्रायाला दुसऱ्या शाखेत जाते. तिथून दिवाळीलाच येईल." संत्र्याची फोड माझ्या पुढं करत त्या म्हणाल्या, "घ्या. घाबरू नका. महिनाअखेरीला अजून अकरा दिवस आहेत."

त्या बाईंना मी आजही मानते. अध्यक्ष, प्राचार्य, प्राध्यापक, मी, सगळ्यांनी मिळून जे कधी केलं नाही ते त्यांनी संत्रं खाता खाता केलं. सरळ म्हणाल्या, मला नाही कळलं.

मी परत येऊन पत्र साहेबांपुढं ठेवलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. निदान माझ्याकडं एकदा बघतील, की या पोरीची नोकरी आपल्यामुळं अडकली. त्यांनी पत्र वाचलं, परत वाचलं. आणि काय सांगू, तो माणूस फुलला. खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाला.

"विचारलंय," ते म्हणाले.

"सर, एका ओळीत लिहून द्या म्हणाल्या त्या. कदाचित असा अर्थ आहे, एवढंच."

"एका ओळीत?" ते हसले. सहा वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "अहो, त्यांनी अर्थ विचारलाय. पत्ता नाही विचारला."

त्या दिवसापासून साहेबांनी बाकी काम सोडलं. कपाट उघडलं, सुतळी सोडली, डिक्शनरी टेबलावर आली. ती उघडी मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. पानांना फिनेलच्या गोळ्यांचा वास येत होता. साहेब हातानं लिहीत होते, हिरव्या पेननं. मी रोज जाऊन उभी राहायचे.

"सर, सात दिवस राहिलेत."

"घाईनं लिहिलेला खुलासा हा खुलासा नसतो."

"सर, माझी नोकरी आहे ती."

"आणि हा शब्द कुणाचा आहे?"

मी त्या माणसाच्या टेबलावरचं घड्याळ उचलून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर आले. मामा म्हणाले, "किताब लिखरे क्या?"

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी साहेबांनी मला बोलावलं. जाड पाकीट, कडेला मेणबत्ती, ऑफिसभर लाखेचा वास. त्यांनी पाकिटावर लाख ओतून सील मारलं. "हे उद्या समक्ष अधिकाऱ्यांच्या हातात द्या. टेबलावरच्या बाईंकडं नाही. अकरा पानं आहेत. ते वाचतील."

मी पाकीट घेऊन मागच्या जिन्यावर बसले आणि सील फोडलं. याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

पहिल्या पानावर शब्दाचा जन्म. जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ, जे योगायोगानं वाट्याला येईल ते. दुसऱ्या, तिसऱ्या पानावर वापर: 'जर'च्या मागं कसा येतो, 'न जाणो' अशी धास्ती दाखवायची असेल तर कसा येतो, आणि नाम म्हणून आला की त्याचा अर्थ शंका कसा होतो. चौथ्यावर त्याचे भाऊबंद, तेही सगळे वापरातून गेलेले, आणि प्रत्येकापेक्षा हा कसा उजवा. सहाव्या पानापासून अकराव्यापर्यंत उदाहरणं. आणि उदाहरणं कुणाची? कुणा इंग्रज लेखकाची असतील म्हणून मी बघायला लागले, तर आमच्याच कॉलेजच्या पत्रांची. जावक क्रमांकासह. मुताऱ्यांचं पत्र होतं. पंख्यांचं होतं. मामांच्या मुलीचं लग्नही होतं.

मधलं पाचवं पान वेगळं होतं. त्याचं अक्षरही जरा घाईचं होतं. त्यात साहेबांनी लिहिलं होतं की हा शब्द त्यांना पहिल्यांदा कसा भेटला. ते तेव्हा तात्पुरते कारकून होते, दुसऱ्या एका कॉलेजात, वय तेवीस. घरातले पहिले शिकलेले. तिथले प्राचार्य मोठे इंग्रजीवाले. त्यांनी एक दिवस साहेबांना पत्र दिलं, त्यात हा शब्द होता, आणि पुढं नोकरी संपण्याबद्दल काहीतरी. साहेबांना तो शब्द कळेना. त्यांच्याकडं खिशात मावणारी लहान डिक्शनरी होती, तिच्यात तो नव्हता. कुणाला विचारलं तर लोक म्हणतील, ग्रॅज्युएट आहे आणि एवढं कळत नाही. म्हणून विचारलं नाही. तीन दिवस त्यांनी घरी सांगितलं नाही, जेवण गेलं नाही. आपण नोकरीतून निघालो असं धरून त्यांनी पेटी बांधली. चौथ्या दिवशी मोठ्या डिक्शनरीत शब्द सापडला. पत्राचा अर्थ होता, तुमची नेमणूक कदाचित लवकर संपली तर महिनाभर आधी कळवू. म्हणजे काहीच झालेलं नव्हतं.

मी ते पान दोनदा वाचलं. कुणाला वाटेल माझं मन विरघळलं. नाही विरघळलं. उलट मला जास्त राग आला. ज्या काठीनं या माणसानं तीन दिवस मार खाल्ला, ती त्यानं मोडून चुलीत घालायची सोडून तेल लावून जपून ठेवली, आणि तीस वर्षं आमच्यासारख्यांच्या पाठीवर चालवली. माझं प्रमाणपत्र हातात घेऊन पेनाचं टोपण टकटक करताना त्याला ते तीन दिवस आठवले नसतील? आठवले असणार. म्हणूनच तर टकटक.

मी उठले, टेबलावर आले आणि मराठीत एक ओळ टाइप केली: सदर पत्रातील 'पेरॅडव्हेंचर' हा शब्द वगळून पत्र वाचावे. प्राचार्यांपुढं ठेवली. साहेबांची सही नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मराठीत होती, म्हणून पहिल्यांदाच वाचून सही केली. जावक नंबर मी टाकला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला टेबलावरच्या बाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली, म्हणाल्या, "हे छान केलंत," आणि फाइल वर सरकवली.

तीन आठवड्यांनी मान्यतेचं पत्र आलं. आवक रजिस्टरला माझ्या नावाच्या पत्राची नोंद मीच केली; ओळ वाकडी गेली, ती मी तशीच ठेवली. आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "वाचलं म्हण की कुणीतरी."

दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. मान्यतेचं पत्र त्यांच्यापुढं होतं, तीन ओळींचं, मराठीत. ते उलटून पालटून बघत होते, मागच्या बाजूला काही आहे का म्हणून.

"अभिनंदन," ते म्हणाले. मग पत्र पुन्हा उलटं करून, "माझ्या खुलाशाबद्दल काही लिहिलेलं नाही यात."

मला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. सर, ते फार प्रभावित झाले, म्हणलं असतं तर पेरूसाहेबांची निवृत्तीला उरलेली दोन वर्षं सोन्याची गेली असती. पण आता मी कायम होते.

"तो पाठवलाच नाही सर. शब्द वगळून वाचा, असं लिहून दिलं. तेवढ्यावर झालं."

त्यांनी पत्राची घडी केली. रागावतील म्हणून मी तयारीत उभी होते. पण राग आलाच नाही. आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढं वाकावं लागलं.

"तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं."

"आणि उत्तर द्यायला तुम्ही माझे अकरा दिवस घेतले सर."

मी ड्रॉवरमधून आणलेलं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. फुटलेलं सील त्यांनी बोटानं चाचपलं.

"मग वाचलंच नाही कुणी."

"मी वाचलं."

"सगळं?"

"सगळं. पाचवं पान दोनदा."

त्यांनी पाकीट टेबलावरून उचलून मांडीवर घेतलं, खालच्या बाजूला, जिथं मला दिसणार नाही. "ते पान काढायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"नाय सर," मी म्हणलं. "बाकीची दहा काढायला पाहिजे होती."